विनयपिटकातील गणपूर्ती आणि आजची ग्रामसभा

विनयपिटक म्हणजे भिक्खूंनी काय खावे, काय ल्यावे आणि कोठे निजावे यांच्या नियमांची जंत्री, अशी समजूत आपल्या सुशिक्षित वर्गातही रूढ आहे. पाराजिकापासून सेखियापर्यंतचे नियम ज्यांना पाठ आहेत असे विद्यार्थीदेखील खन्धकांकडे, म्हणजे महावग्ग आणि चुल्लवग्ग या भागांकडे, सहसा वळत नाहीत. वस्तुतः या दोन ग्रंथांत एका वेगळ्याच प्रश्नाचा विचार आला आहे. अनेक माणसांनी एकत्र बसून एक निर्णय कसा घ्यावा, तो केव्हा ग्राह्य मानावा आणि केव्हा मुळीच झाला नाही असे मानावे, जे हजर नाहीत त्यांचे काय करावे, हा तो प्रश्न होय. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत समारोपाचे भाषण करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्खू संघाच्या या कार्यपद्धतीचा मुद्दाम उल्लेख केला होता. आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी आणि गुप्त मतदान या गोष्टी भारताला नवीन नाहीत, हे त्यांना सांगावयाचे होते. त्या उल्लेखाचा आपण अभिमानाने उच्चार करतो. परंतु त्यातील ‘गणपूर्ती’ या एका शब्दाचाही पुरता अर्थ आपण लावून पाहिलेला नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे. तो शब्द ज्या संदर्भात मला नव्याने कळला, तो संदर्भ मात्र बनारसचा किंवा राजगृहाचा नाही. तो छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील फुलंब्री तालुक्याचा आहे.

विकसनशील देशांतील शासनव्यवहाराविषयी लिहिणारे विद्वान बहुधा निधीचा तुटवडा, भ्रष्टाचार आणि निरक्षरता ही तीन कारणे सांगून थांबतात. ही कारणे खोटी नाहीत. परंतु निधी आलेला असतो, कायदा उत्तम असतो, गावात पदवीधरही असतात, आणि तरीही पाणी त्याच वस्तीत येत नाही, असा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना या उत्तराने समाधान होत नाही. फुलंब्री तालुका अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जिल्ह्याच्या शहरापासून अगदी जवळ आहे. असे असूनही पावसाने ओढ दिली की विहीर हाच येथील कुटुंबाच्या बऱ्यावाईटाचा आधार ठरतो. म्हणून सिंचन विहिरीच्या लाभार्थींच्या यादीत कोणाचे नाव येते, हा येथे केवळ दप्तरी प्रश्न राहत नाही.

३१ मार्च २०२३ रोजी याच तालुक्यातील गेवराई पायगा या गावच्या सरपंचाने फुलंब्री पंचायत समितीच्या कार्यालयाबाहेर दोन लाख रुपयांच्या नोटा उधळल्या. रोजगार हमीतून मिळणाऱ्या विहिरींचे प्रस्ताव मंजूर करण्यासाठी टक्केवारी मागितली जाते, असा त्याचा आरोप होता. एका विहिरीला तेव्हा चार लाख रुपयांचे अनुदान होते. ते दृश्य देशभर पाहिले गेले आणि त्यावर पुष्कळ चर्चा झाली. आरोपाचा निवाडा करणे हे माझे काम नव्हे. मला त्या दृश्यात वेगळेच काही दिसले. ज्या कामांची शिफारस करण्याचा आणि ज्यांचे सामाजिक लेखापरीक्षण करण्याचा अधिकार २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याच्या १६ व्या व १७ व्या कलमांनी ग्रामसभेला दिला होता, त्या कामांविषयीची तक्रार सभेत नव्हे, रस्त्यावर मांडावी लागली. सभेत बोललेल्या शब्दाला वजन उरले नसेल तर माणूस रस्त्यावर येतो. मग सभेतील शब्दाचे वजन कोठे गेले?

ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदारयादीत नाव असलेल्या सर्वांची सभा. २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तिला संविधानात स्थान मिळाले. ग्रामपंचायत ही निवडून आलेल्या सदस्यांची असते. ग्रामसभेला कोणी निवडून देत नाही, कारण तिच्यात सगळेच असतात. महाराष्ट्रात १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, आणि प्रत्येक नियमित सभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. विकासयोजनांना मान्यता देणे आणि वैयक्तिक लाभाच्या योजनांसाठी लाभार्थी निवडणे, ही कामे या सभेची आहेत. (फुलंब्री गावाला आता नगरपंचायत आहे, त्यामुळे खुद्द फुलंब्रीत ग्रामसभा भरत नाही, ती तालुक्यातील इतर गावांत भरते. गाव मोठे झाले की त्याची सर्वांची सभा संपते, हाही आपल्या व्यवस्थेतील एक विचार करण्याजोगा भाग आहे.)

सभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. म्हणजे तीन हजार मतदारांच्या गावात शंभर माणसे पुरेशी होतात. तेवढीही आली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेल्या सभेला गणपूर्तीची आवश्यकता नाही. हे शेवटचे वाक्य वाचकांनी पुन्हा एकदा वाचावे. राज्याच्या विधानसभेला असा मार्ग उपलब्ध नाही. संविधानाच्या १८९ व्या अनुच्छेदाप्रमाणे तिची गणपूर्ती एकदशांश सदस्यांची असते. सदस्य कमी असतील तर अध्यक्षांनी सभागृह तहकूब करावे अथवा गणपूर्ती होईपर्यंत कामकाज स्थगित ठेवावे, असे तेथे म्हटले आहे. २८८ सदस्यांच्या सभागृहात २९ जण नसतील तर काम पुढे जात नाही. २०१४ ते २०१९ या काळात त्या सभागृहाचे अध्यक्षपद फुलंब्री मतदारसंघाचे आमदार हरिभाऊ बागडे यांच्याकडे होते. मुंबईत गणपूर्तीअभावी कामकाज थांबविण्याचा अधिकार ज्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीच्या हाती होता, त्या मतदारसंघातील गावांच्या सभा मात्र अकरा माणसांतही पार पडू शकतात.

अकरा हा आकडा मी कल्पनेने लिहिलेला नाही. २०१४ च्या प्रजासत्ताकदिनी मी वडिलांच्या गावी होतो. गावाचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. तालुक्यातील कोणत्याही गावाचे ते असू शकते. झेंडावंदन झाले, मुलांना गोळ्या वाटल्या गेल्या आणि ग्रामपंचायतीच्या ओट्यावर ग्रामसभा सुरू झाली. अकरा जण होतो. पाच मिनिटांत सभा तहकूब झाल्याचे जाहीर झाले, चहा आला, अर्ध्या तासाने त्याच ओट्यावर, त्याच अकरा जणांची तहकूब सभा सुरू झाली. विषय क्रमाने वाचले गेले. त्यांत अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्तीच्या विकासाचा निधी कशावर खर्च करावा, हा एक विषय होता. वस्तीत नळ नव्हता. ठराव मात्र रस्त्याचा होता, आणि तो वस्तीच्या एका कोपऱ्याला स्पर्श करून पुढे देवळाकडे जाणारा होता. वस्तीतील कोणीही उपस्थित नव्हते. पुरुष शहराच्या बाजूला बांधकामावर गेलेले, काही कुटुंबे ऊसतोडीला गेलेली, आणि बायका हंडे घेऊन हातपंपावर. २६ जानेवारी हा दिवस ऊसतोडीच्या ऐन हंगामात येतो, हे कोणाच्या लक्षात येत नाही असे नाही.

ठराव संमत झाला. मग हजेरीचे रजिस्टर फिरू लागले. ते माझ्यापुढे आले तेव्हा ग्रामसेवक अदबीने म्हणाले, “सर, तुम्हीपण करा सही. संख्या दिसू द्या.” माझे नाव त्या गावच्या मतदारयादीत नव्हते, ते शहरातील यादीत होते. मी सही केली. रजिस्टर नंतर शिपायाच्या काखेत वस्तीकडे गेले आणि संध्याकाळपर्यंत त्यावर पुष्कळ सह्या व अंगठे जमले. रात्री काकूने जेवायला वाढताना विचारले, “तू व्हतास ना तिथं?” मी होतो. तिने पुढे काही विचारले नाही.

शहरात परतल्यावर मी महावग्गाच्या नवव्या, चम्पेय्य खन्धकाचा पाठ विद्यार्थ्यांना शिकवीत होतो. संघकम्मासाठी किमान किती भिक्खू हवेत, याचा तेथे तपशील आहे. चार भिक्खूंचा संघ उपसम्पदा, पवारणा व अब्भान ही तीन सोडून सर्व कम्मे करू शकतो. पाचांचा संघ मज्झिम देशातील उपसम्पदा व अब्भान सोडून सर्व. दहांचा संघ अब्भान सोडून सर्व. आणि वीस अथवा अधिकांचा संघ सर्वच. कामाचे गांभीर्य वाढेल तशी संख्या वाढते, हे त्यातील पहिले तत्त्व. दुसरे तत्त्व असे की, संख्या भरण्यासाठी कोणालाही बसविता येत नाही. ज्यांना धरून ही संख्या पूर्ण करता येत नाही अशा व्यक्तींची लांबलचक यादी तेथे दिलेली आहे. त्या यादीत सामणेर आहे, दुसऱ्या संवासाचा भिक्खू आहे, आणि सीमेच्या बाहेर उभा असलेला भिक्खूही आहे. अशा व्यक्तीला चौथा धरून चौघांचे कम्म केले तर ते कम्मच नव्हे, असा निर्णय आहे. सीमेबाहेरचा माणूस धरून संख्या भरणे म्हणजे काय, हे वर्गात समजावून सांगताना मला माझी सही आठवली. इतकी वर्षे हा उतारा शिकवूनही तो मी तोपर्यंत वाचलेला नव्हता, असेच म्हणावे लागेल.

याच विनयात गणपूरक हा शब्द येतो. सभेची संख्या पूर्ण करणारा तो गणपूरक. काशीप्रसाद जयस्वाल यांनी १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या शब्दाकडे राज्यशास्त्राच्या अभ्यासकांचे लक्ष वेधले. संघाने ही पद्धती तत्कालीन गणराज्यांकडून घेतली असावी, असे त्यांचे अनुमान होते. ते अनुमानच आहे; गणराज्यांच्या सभांची अशी नियमावली आपल्यापर्यंत पोहोचलेली नाही. जी पोहोचली ती संघाची. म्हणून तिचाच आधार घेणे योग्य.

परंतु गणपूर्ती ही विनयाची अर्धीच बाजू आहे. किमान संख्या भरली म्हणजे कम्म शुद्ध झाले, असे विनय मानीत नाही. सीमेच्या आत जितके भिक्खू आहेत ते सर्व आलेले असले पाहिजेत. जे येऊ शकत नाहीत त्यांचा छन्द, म्हणजे संमती, आणलेला असला पाहिजे. आणि जे समोर आहेत त्यांनी निषेध केलेला नसावा. या तिन्ही गोष्टी असतील तर संघ ‘समग्ग’. यांपैकी एकही नसेल तर तो ‘वग्ग’, म्हणजे खंडित. वग्ग संघाचे कम्म, संख्या कितीही मोठी असली तरी, अग्राह्य. शंभर भिक्खू बसलेले आहेत आणि पलीकडच्या कुटीत एक आजारी भिक्खू आहे, ज्याला कोणी विचारलेले नाही, तर त्या शंभरांचा निर्णय टिकत नाही.

त्या आजारी भिक्खूसंबंधी महावग्गाच्या उपोसथ खन्धकात जे सांगितले आहे, ते मूळातून वाचण्यासारखे आहे. त्याने कोणातरी भिक्खूजवळ आपला छन्द द्यावा. त्याला ते शक्य नसेल तर त्याला मंचकासह उचलून सभेत आणावे. उचलल्याने त्याचा आजार बळावेल किंवा तो दगावेल, असे शुश्रूषा करणाऱ्यांना वाटले तर त्याला हलवू नये; संघानेच त्याच्याकडे जावे आणि तेथे कम्म करावे. परंतु खंडित संघाने ते करू नये. पुढे गग्ग नावाच्या एका वेड्या भिक्खूची कथा येते. त्याला कधी उपोसथाची आठवण राही, कधी राहत नसे. कधी तो येई, कधी येत नसे. अशा माणसाला वगळूनही सभा चालावी यासाठी संघाला प्रथम रीतसर प्रस्ताव मांडून तशी संमती घ्यावी लागली. वेड्याला देखील मनाने वगळता येत नव्हते.

माझ्या मते गणपूर्तीचा खरा अर्थ येथे आहे. आपल्या कायद्यात गणपूर्ती ही हजर माणसांची मोजणी आहे. विनयात ती गैरहजर माणसाची विचारपूस आहे. शिपाई काखेत रजिस्टर घेऊन वस्तीत गेला तेव्हा बाहेरून पाहता तो छन्द आणण्यासाठीच गेला होता; पण त्याने विषय सांगितला नाही, संमती विचारली नाही, आणि मुख्य म्हणजे तो निर्णयानंतर गेला. चम्पेय्य खन्धकात अशुद्ध कम्मांचे प्रकार सांगताना ‘धम्मपतिरूपक’ असा एक प्रकार सांगितलेला आहे. धम्मासारखे दिसणारे, पण धम्म नसलेले. त्याचे लक्षण असे की, ज्या कम्मात आधी ञत्ति, म्हणजे प्रस्तावाची सूचना, मांडावयाची आणि मग अनुस्सावन, म्हणजे संमतीसाठी जाहीर वाचन, करावयाचे, त्यात हा क्रम उलटलेला असतो. शब्द सगळे बरोबर, माणसे बसलेली, फक्त क्रम उलटा. ठराव आधी लिहून ठेवणे, मग सभा दाखविणे, मग सह्या गोळा करणे, याला अधिक नेमके नाव मला सुचत नाही. आपण त्याला ‘कागदोपत्री’ म्हणतो. पण त्या शब्दात कागदाला दोष लागतो, आणि कागदाचा त्यात काही अपराध नसतो.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो विचारात घेतला पाहिजे. मागास भागात माणसे पोट भरण्यासाठी बाहेर जातात. गणपूर्तीची सक्ती केली तर सभाच होणार नाही, कामे अडून राहतील. म्हणून तहकूब सभेची सवलत व्यवहार्य आहे. हाच पेच विनयातही आला आहे. अवन्ती देशात महाकच्चान थेरांजवळ राहणाऱ्या सोण कुटिकण्ण याला उपसम्पदा घ्यावयाची होती. त्या भागात भिक्खू थोडे. दहा भिक्खू जमविण्यास तीन वर्षे लागली. पुढे सोण बुद्धांच्या दर्शनाला निघाला तेव्हा थेरांनी त्याच्यामार्फत ही अडचण कळविली. त्यावर बुद्धांनी पच्चन्तिम जनपदांत, म्हणजे मध्यदेशाबाहेरच्या प्रदेशांत, सवलत दिली. मध्यदेशाच्या ज्या सीमा त्या वेळी सांगितल्या गेल्या त्यांत दक्षिणेची सीमा सेतकण्णिक या निगमाची आहे. आपला मराठवाडा अर्थातच तिच्या बाहेर, सवलतीच्या प्रदेशात येतो. पण सवलत कोणती? दहांऐवजी पाच, आणि त्या पाचांत एक विनयधर असलाच पाहिजे. संख्या कमी झाली तेव्हा जाणकारीची अट वाढली. संख्या शून्यावर मात्र आणलेली नाही.

वज्जींच्या सात अपरिहानिय धम्मांचा दाखला अशा प्रसंगी नेहमी दिला जातो. दीघनिकायातील महापरिनिब्बान सुत्तात मगधाचा अमात्य वस्सकार आला असता बुद्धांनी आनंदाला विचारून ते सांगितले, हे वाचकांना ठाऊक आहेच. त्यांतील पहिल्या धम्माचे भाषांतर ‘वारंवार व मोठ्या संख्येने एकत्र जमणे’ असे केले जाते. अट्ठकथेचा अर्थ थोडा निराळा आहे. काल जमलो होतो, परवाही जमलो होतो, मग आज पुन्हा कशासाठी, असे म्हणून कंटाळा न करणे, असे बुद्धघोषांनी त्या दुसऱ्या पदाचे स्पष्टीकरण केले आहे. एकजुटीने जमणे म्हणजे काय, हे सांगताना ते म्हणतात की सभेची भेरी वाजताच जेवण अर्धे टाकून, अलंकार अर्धे घातलेले असताना, वस्त्र नेसत नेसत जे येतात ते एकजुटीने जमतात. सुमङ्गलविलासिनीतील पुढची कथा अधिक बोलकी आहे. वस्सकाराने वैशालीत राहून तीन वर्षे कानाशी लागून लागून फूट पाडली. मग अजातशत्रू चालून आला आणि भेरी वाजली, तेव्हा लोक म्हणू लागले की जे मोठे आहेत, जे शूर आहेत, त्यांनी जमावे. कोणीही जमले नाही, आणि वैशालीची दारे उघडीच राहिली. आपल्या गावात दवंडी ऐकून “ज्यांची सभा ते जातील” असे म्हणणारा मजूर आणि हे वैशालीकर यांच्यात फार अंतर नाही. फरक एवढाच की मजुराच्या बाबतीत ती समजूत बहुधा अनुभवातून आलेली असते.

मोठ्यांनी न येण्याचाही एक प्रकार आहे. महाकप्पिन हे अरहंत. आपण परम विशुद्ध आहोत, मग उपोसथाला जावे की न जावे, असा विचार त्यांच्या मनात आला. बुद्धांनी त्यांना सांगितले की तुमच्यासारखे जर उपोसथाचा मान ठेवणार नाहीत तर कोण ठेवील? तुम्ही जाच. शहरात राहून गावाविषयी लेख लिहिणाऱ्या आम्हा प्राध्यापकांना ही कथा लागू करताना अरहंतपदाचा भाग अर्थातच सोडून द्यावा.

सभेत झालेला निर्णय पुढे सर्वांना कळत राहावा, यासाठी काय करावे याचा पुरावा मात्र आपल्याला महाराष्ट्रातच मिळतो. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्खू संघासाठी तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी ठेवली. दोन हजार कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, व्याज तेवढे वापरावयाचे. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. हे सर्व निगमसभेत वाचून दाखविले आणि फलकावर नोंदविले, असे त्या लेखात म्हटले आहे. रक्कम किती, कोणाकडे, कोणत्या दराने, कोणासाठी, हे आजही तेथे उभे राहून वाचता येते. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा फलक आहे, आणि आमच्या गावच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लाभार्थींच्या यादीऐवजी वर्षानुवर्षे वाढदिवसाच्या शुभेच्छा असत. आफ्रिकेतील युगांडा या देशात १९९१ ते १९९५ या काळात सरकारने प्राथमिक शाळांच्या वेतनेतर खर्चासाठी पाठविलेल्या अनुदानापैकी सरासरी १३ टक्केच शाळांपर्यंत पोहोचत होते, असे एका पाहणीत आढळले. त्यानंतर कोणत्या जिल्ह्याला किती रक्कम पाठविली, हे वर्तमानपत्रांत आणि शाळांच्या भिंतींवर प्रसिद्ध होऊ लागले, आणि पोहोचणारी रक्कम बरीच वाढली. वाढीचे सगळे श्रेय प्रसिद्धीलाच द्यावे काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि भिंतीवरचा आकडा पुसणे हे रजिस्टरमधील आकडा बदलण्याइतके सोपे नसते.

संघाची उपमा ग्रामसभेला सर्वस्वी लावता येणार नाही, याची मला जाणीव आहे. भिक्खू घरदार, शेती आणि जात टाकून आलेला असतो. गावकरी या तिन्हींसह सभेत बसतो. डॉ. आंबेडकरांनी १९३२ साली मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना अस्पृश्यांना स्वतंत्र प्रतिनिधित्व नसेल तर गावाच्या हाती अधिकार देण्यास विरोध केला होता, आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्यांच्या गौरवावर कठोर टीका केली होती, ती याच कारणाने. ज्या सभेत बोललेल्या शब्दाची किंमत दुसऱ्या दिवशी मजुरी गमावून मोजावी लागते, तेथे मौन ही संमती धरता येत नाही. विनयात ती धरली जाते. विनयालाही मर्यादा आहेत: भिक्खू संघाची संख्या पूर्ण करण्यास भिक्खुणी चालत नाही, तिचा संघ वेगळा. या बाबतीत महिलांची सभा आधी आणि सर्वांची नंतर, असे सांगणारा आपला कायदा पुढे आहे. त्या महिलासभेचे इतिवृत्त बहुतेक गावांत कोण लिहितो, हे वेगळे सांगावयास नको.

समग्ग होणे गृहस्थांना अशक्यच आहे, असे मात्र नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावात ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय करते. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलला जातो. निर्णय घेणारी सभा वेगळी आणि विषय समजून घेणारा अभ्यासगट वेगळा, अशी तेथील पद्धत आहे. २००९ साली या गावाला वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये आपल्या जंगलातील बांबू गावाने स्वतः विकला. गाव लहान आहे, एकजिनसी आहे, त्यामागे अनेकांचे दीर्घ श्रम आहेत, हे खरे. फुलंब्रीच्या बहुजातीय गावांत हे जसेच्या तसे येणार नाही. पण विषय आधी समजावून सांगणे आणि मग विचारणे, हा ञत्ति व अनुस्सावनाचा सरळ क्रम कोणत्याही गावात पाळता येतो. त्यासाठी निधी लागत नाही.

निषेधाविषयीचा एक नियम अद्याप सांगावयाचा राहिला. संघामध्ये कोणाचा निषेध ग्राह्य धरावा, याची चर्चा चम्पेय्य खन्धकातच आहे. जो भिक्खू प्रकृतिस्थ आहे, त्याच संवासाचा आहे आणि त्याच सीमेत आहे, त्याने उठून मोठ्याने बोललेच पाहिजे असे नाही. त्याने निदान शेजारी बसलेल्या भिक्खूला जरी सांगितले, तरी संघामध्ये तो निषेध टिकतो. हा नियम करणाऱ्यांना सभेत बोलण्याची भीती काय असते, हे ठाऊक असले पाहिजे.

त्या प्रजासत्ताकदिनाच्या पुढच्या वर्षी, ऊसतोडीहून माणसे परतल्यावर झालेल्या मे महिन्यातील सभेला वस्तीतील सात बायका गेल्या. आधीचे इतिवृत्त वाचून दाखवा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. वाचनात आपली नावे ऐकून त्या एकमेकींकडे पाहू लागल्या. काकू उठून बोलली नाही. तिने आयुष्यात कधी सभेत तोंड उघडलेले नव्हते. “म्या तर तवा हातपंपावर व्हते,” असे ती शेजारच्या बाईच्या कानाशी म्हणाली, आणि शेजारची बाई ते मोठ्याने म्हणाली. त्या दिवशी प्रथमच ‘आक्षेप’ असा शब्द त्या रजिस्टरमध्ये लिहिला गेला. माझी सही त्याच्या काही पाने आधी होती, ती तशीच आहे. नळ त्यानंतर दोन वर्षांनी आला. रस्ता तोवर झालेला होता, आणि नळाची वाहिनी टाकण्यासाठी वस्तीच्या कोपऱ्याजवळ तो उखडावा लागला.